ठसे उमटत नाहीत, परवाना अडकलाय. मदत हवी आहे

जाईजुई
नमस्कार मंडळी. दोन वेळा ठसे दिले, दोन्ही वेळा परत आले. कारण काय तर ‘दर्जा अपुरा’. परीक्षा पास होऊन अडीच महिने झाले, नोकरीचं पत्र हातात आहे आणि ते लोक पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंतच थांबणार आहेत. अशा केसमध्ये काही सवलत मिळते का? अनुभव असेल तर लवकर सांगा. गूगल करून झालंय, कृपया लिंका नकोत.

निवांत_बोका
कसला परवाना? बंदुकीचा की रिक्षाचा?

गोदाकाठ
आधार केंद्रात जा आणि बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. माझ्या सासूबाईंचे ठसे आयुष्यभर राखेने भांडी घासून पार गेलेत, त्यांचं बुबुळांवर झालं. डिसेंबर २०२३ मध्ये केरळातल्या बोटं नसलेल्या एका बाईंचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारने स्पष्टच सांगितलं की बोटं नसतील तर बुबुळावर, दोन्ही नसेल तर दोन्हींशिवाय नोंदणी करायची. केंद्रवाला नाही म्हणाला तर भांडायचं.

जाईजुई
आधारचं नाही हो काकू. अमेरिकेत आहे मी. नर्सिंगचा परवाना.

रानवाटा
ताई, अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत आणि पन्नास तऱ्हा. कुठलं राज्य? कार्डावर शाईने दिलेत की लाइव्ह स्कॅन, म्हणजे यंत्राच्या काचेवर बोट ठेवून? आणि ठसे मुळात उमटत का नाहीत?

जाईजुई
कॅलिफोर्निया. लाइव्ह स्कॅन. का ते महत्त्वाचं आहे का?

चिंचगूळ
नर्स म्हटल्यावर कारण काय विचारता! दिवसभर हात धुवा, सॅनिटायझर लावा, पुन्हा धुवा. मीही यातून गेलेय. कॉर्न हस्कर्स नावाचं लोशन मिळतं, ठसे घेणारे स्वतःच ठेवतात. थेंबभर चोळायचं, जास्तीचं पुसायचं, मग काचेवर बोट. त्याआधी पंधरा दिवस रात्री जाड क्रीम लावून झोपायचं. तेवढे दिवस मी भांडीसुद्धा नवऱ्याकडे दिली होती. पहिल्या फटक्यात पास!

निवांत_बोका
नवरा अजून घासतोय का?

चिंचगूळ
ठसे पास झाले त्याच संध्याकाळी त्याने राजीनामा दिला.

कलमबहाद्दर
लोशन-बिशन सोडा. १९९० चा अपंगत्व कायदा, म्हणजे एडीए, राज्याच्या परवाना मंडळांनाही लागू आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या सरकारी संस्थेला त्यासाठी एक समन्वयक नेमावाच लागतो. डॉक्टरांच्या पत्रासह त्याला लेखी अर्ज ठोका. तोंडी बोलू नका, इथे कागदच बोलतो.

रानवाटा
कलमबहाद्दर, अर्ज करावा, पण त्याने ठसे माफ होतील असं सांगून आशा लावू नका. कायद्याने पद्धत बदलून मिळते. हात थरथरत असेल तर जास्त वेळ, व्हीलचेअर असेल तर खाली ठेवलेलं यंत्र. पार्श्वभूमीची तपासणी टळत नाही. गंमत म्हणजे बोट नसलेल्याचं काम सोपं असतं. माझ्या दिराचं मधलं बोट प्रेसमध्ये गेलं, तर कार्डावर त्या चौकटीत ‘एएमपी’, म्हणजे बोट कापलेलं, असं लिहून मोकळे झाले. बोट आहे पण रेघा नाहीत, तिथे खरी पंचाईत.

कलमबहाद्दर
मी माफीबद्दल बोललोच नव्हतो. नीट वाचा.

जाईजुई
भांडू नका प्लीज. सांगते. स्तनाच्या कर्करोगासाठी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत. तळहात लाल होतात, सोलतात. ठसे घेणाऱ्या दुसऱ्या दुकानातल्या मुलाने माझा अंगठा स्पिरिटने पुसून सहा-सात वेळा काचेवर दाबला. स्क्रीनवर रेघांच्या जागी नुसता राखाडी ढग. शेवटी तो म्हणाला, “काम करताना ग्लोव्हज घालत जा.” मी काही बोलले नाही.

गोदाकाठ
अगं बाई. काळजी घे गं. माझं आधार-पुराण विसर.

सह्याद्रीपुत्र
मग सोपं आहे, गोळ्या दोन महिने थांबवा. रेघा परत येतात.

चिंचगूळ
डोकं ठिकाणावर आहे का? ठशांसाठी कॅन्सरचं औषध थांबवायचं? संपादक, हा प्रतिसाद उडवा.

निवांत_बोका
अवांतर: याच औषधामुळे ठसे उमटेनात म्हणून सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या गृहस्थांना २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर चार तास बसवून ठेवलं होतं. पुढे त्यांच्या डॉक्टरांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आता मी गप्प बसतो.

सॅक्रॅमेंटोची_आत्या
उशिरा वाचलं. आधी एक सांग. दुसऱ्या वेळी नवा फॉर्म भरलास का? पूर्ण पैसे घेतले का?

जाईजुई
हो, दोन्ही. दुकान वेगळं होतं ना. दुसरा म्हणाला जुन्या फॉर्मचा उपयोग नाही.

सॅक्रॅमेंटोची_आत्या
तिथेच घोळ झाला. फॉर्मवर खाली एटीआय नंबर, म्हणजे अर्जाचा ओळख क्रमांक असतो. पहिल्यांदा परत आलं की नकाराचं पत्र घेऊन जायचं आणि ऑपरेटरने तोच मूळ नंबर घालायचा. मग सरकारी फी पुन्हा लागत नाही, फक्त ठसे घेणावळ पडते. नवा नंबर पडला की कहाणी पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या हिशेबी दोन नकार, त्यांच्या हिशेबी दोन निरनिराळे पहिले नकार. एकाच अर्जावर दोनदा ‘दर्जा अपुरा’ आलं की एफबीआयकडे ठशांऐवजी नावावरून तपासणी मागता येते. ती तू नाही, मंडळाने मागायची. तुला हवी ती सवलत हीच. तिची मुदत दुसऱ्या नकारापासून ९० दिवस. तुझ्या पत्रात कमी लिहिली असेल तर तीच पाळायची.

कलमबहाद्दर
बरोबर. तरी डॉक्टरांचं पत्र जोडाच, आणि परिस्थिती कळवून मंडळाला अर्ज पुढे घ्यायची लेखी विनंती करा.

रानवाटा
यावर मात्र कलमबहाद्दरांना +१. नोकरीवाल्यांनाही आजच मेल टाका. पंधरा तारीख बहुधा हुकणारच, ते त्यांना आधी कळलेलं बरं.

जाईजुई
पावत्या फ्रीजवर चुंबकाखाली होत्या. आत्ता काढून बघितल्या. नंबर वेगळे आहेत. डोकं गरगरतंय. म्हणजे सोमवारी दुसरं पत्र घेऊन जायचं, त्यावरचा नंबर घालायला लावायचा आणि नापास होऊन यायचं?

सॅक्रॅमेंटोची_आत्या
हो. निघण्याआधी पावतीवरचा नंबर पत्राशी जुळवून बघ. जुळला नाही तर तिथून हलू नकोस.

चिंचगूळ
मग लोशन लावू नकोस हं!

जाईजुई
शेवटचं विचारते. मुदत पत्रावरच्या तारखेपासून धरायची की पत्र घरी आल्यापासून?

सॅक्रॅमेंटोची_आत्या
पत्रावरच्या. टपालाचे दिवस आपल्याच खिशातून जातात.