मदत हवी आहे: सगळ्या सीडी परत रिप (कॉम्प्युटरवर कॉपी) करू का?

मंडळी, मालवणला घरी अडीचशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक नाट्यसंगीत आणि भजनं. पूर्वी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिप करायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनने, तेही घाईत बर्स्ट मोडमध्ये (भराभर, न तपासता), फ्लॅक (दर्जा न घटवणाऱ्या ऑडिओ फाइली) करून ठेवलेल्या, लॉग (रिपचा अहवाल) काही ठेवला नाही (गाढवपणा). आता नवीन व्हर्जन टाकलंय, सिक्युअर मोड (पुन्हा पुन्हा वाचून खात्री करणारा) आणि अ‍ॅक्युरेटरिप (इतरांच्या रिपशी ताडून बघायचा ऑनलाइन डेटाबेस) चालू केलंय.

त्याच ड्राइव्हवर, ऑफसेट (ड्राइव्ह किंचित पुढे-मागे वाचतो त्याची दुरुस्ती) तोच ठेवून दहा सीडी परत करून बघितल्या. आठांचे सीआरसी (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुन्या फाइलींशी तंतोतंत जुळले, दोनांचे नाही. त्यातली एक उजेडासमोर धरली तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतायत, खाऱ्या हवेने वरचा थर गेलाय बहुतेक, म्हणजे तिची जुनी रिपच बरी असेल! क्यूटूल्स या सॉफ्टवेअरने डिस्क न घालता जुन्या फाइली तपासल्या, पण मराठी सीडी बऱ्याचशा डेटाबेसमध्येच नाहीत असं येतं.

एका सीडीला वीसेक मिनिटं जातात, त्यात पावसात लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे सगळ्या करणं जिवावर आलंय. एमपी३ नकोत, हार्डडिस्कला जागा भरपूर आहे.

तर डेटाबेसमध्ये नसलेल्या सीडींच्या जुन्या फ्लॅकवरूनच कुठली रिप संशयास्पद आहे ते कळायचा काही उपाय आहे का, की सगळ्या परत घालण्यावाचून गत्यंतर नाही?