डॉक्टर नोकरीच्या गावातला की घराजवळचा?
गरोदरपणातील तपासणीसाठी नोकरीच्या गावातील डॉक्टर निवडल्यास रजा वाचते, असे एक मत आहे; ते पहिल्या सात महिन्यांपुरते मला मान्य आहे, कारण तोवर तपासणी साधारण महिन्यातून एकदाच असते. मात्र छत्तिसाव्या आठवड्यानंतर ती दर आठवड्याला होते, आणि मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या रजेपैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येत असल्यामुळे, रजा तशी घेतल्यास नेमक्या त्याच काळात आपण घरी असतो.

मी साताऱ्याहून रोज शिरवळला जात असे आणि प्रसूतीसाठी नावही तिथल्याच डॉक्टरांकडे घातले होते. रजा लागल्यावर केवळ तपासणीसाठी वाटेतला खंबाटकी घाट ओलांडणे (तिथली वाहतूक कधी अडेल, याचा नेम नसे) नकोसे झाले, म्हणून तेहतिसाव्या आठवड्यात साताऱ्यातील डॉक्टर गाठले. त्यांनी सोनोग्राफीचे सर्व अहवाल मागितले. त्यांतला एक शिरवळलाच राहिला होता.