मदत हवी आहे: वडांवर तोडण्याची नोटीस लागली आहे, चार दिवस उरलेत

नमस्कार मंडळी,

आमचं शहर लहान, नगरपरिषदेचं. बसस्टँडकडून कोर्टाकडे जाताना रस्त्याच्या कडेला वडांची रांग आहे. परवा सकाळी त्यातल्या चार बुंध्यांवर कागद चिकटवलेले दिसले: धोकादायक झाड, तोडायचं आहे, हरकत असल्यास सात दिवसांत लेखी द्या. आज तिसरा दिवस.

भीती खोटी नाही. गेल्या पावसाळ्यात याच रांगेतला एक वड रात्री आडवा झाला. खालची पानटपरी बंद होती म्हणून निभावलं. सकाळी मी मुळं पाहिली. गटाराच्या बाजूची सगळी एका रेषेत तुटलेली, टोकं काळी, बोटाने दाबली तर भुसा पडत होता. गटार खोदताना जेसीबीने तोडलेली ती मुळं. दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडलेले.

आणि पारंब्या! ट्रकला लागतात म्हणून दर उन्हाळ्यात ठेकेदाराची माणसं कोयत्याने सरसकट छाटतात. पारंबी जमिनीत रुजली की तिचा खांब होतो. हावड्याजवळच्या शिबपूरच्या उद्यानातल्या वडाचं मूळ खोड बुरशीमुळे 1925 साली काढावं लागलं, तरी झाड पारंब्यांवर आजही उभं आहे. आमच्या वडांना आपण एकही पाय टेकू दिला नाही.

मला विचारायचंय ते वयाबद्दल. 1975 च्या झाडांच्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून 50 वर्षांवरचं झाड पुरातन वृक्ष धरतात. माझे आजोबा शाळेत जायचे तेव्हाही हे वड मोठेच होते, पण हे कागदावर सिद्ध कसं करू? वडाच्या पारंब्या खोडात मिसळतात, घेरावरून वय नीट निघत नाही. शिवाय झाड खरंच पडेल का, हे कोणाकडून तपासून घ्यावं?

प्रतिसाद

दादा, हरकत उद्याच द्या. प्रत्येक झाडाचा अर्ज वेगळा, आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. नुसतं "तोडू नका" लिहू नका, पर्याय लिहा: रस्त्यावर झुकलेल्या जड फांद्या उतरवून भार कमी करा, बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी करा. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट काढायचा असाच आदेश हरित लवादाने 2013 साली दिला होता. पेव्हर पहारीने हातानेच काढायचे, जेसीबी पुन्हा लावू देऊ नका.

वयासाठी जुने फोटो शोधा, कोर्टाच्या किंवा शाळेच्या समारंभातले. वृक्षगणना दर पाच वर्षांनी करायची असते, आधीच्या नोंदी माहिती अधिकारात मागा. तपासणीला जवळच्या कृषी किंवा वनस्पतिशास्त्राच्या कॉलेजातले प्राध्यापक येतात का बघा. तोवर लाकडी हातोडीने खोड चहूबाजूंनी ठोकून बघा, पोकळ असेल तिथे आवाज बदलतो. पुढे पारंब्यांना उभा चिरलेला बांबू बांधून आत माती भरा आणि ओल ठेवा, त्या बांबूतून खाली उतरतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. संध्याकाळी हातोडी घेऊन जाऊन आलो. तिघांचा आवाज सगळीकडून भरीव आहे. चौथा, मारुतीच्या देवळाजवळचा, गटाराच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर पोकळ वाजतोय, आणि त्याच्याखाली रिक्षास्टँड आहे. तिघांचे अर्ज लिहून झाले. चौथ्यासाठी काय लिहू? फांद्या उतरवून तो वाचेल का, कोणी असं झाड पाहिलंय का?