मदत हवी आहे: २००९ पासून गोठ्यात उभी असलेली प्रीमिअर पद्मिनी चाळीस हजारांत सुरू करायची आहे

हिरण्यकेशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गाडी १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी. पेट्रोल, १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे सलग सीट. मुक्काम गडहिंग्लजजवळ, घरामागचा जुना गोठा. २००९ ला आरसीची मुदत संपली तेव्हा सासऱ्यांनी ती आत लावली, ती अजून तिथेच आहे. सासरे आता नाहीत. विकायचा विषय काढला की सासूबाई ताटावरून उठतात, त्यामुळे "भंगारात द्या" हा सल्ला कृपया कुणी देऊ नये. तो घरात देऊन झालेला आहे.

काय बघून झालंय ते लिहिते. जागा कोरडी आहे, पत्र्याचं छप्पर शाबूत आहे, त्यामुळे खालचा पत्रा वाटला होता त्याहून बरा निघाला. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र हाताएवढं भोक आहे आणि मागच्या चाकांच्या वरच्या कमानी पोखरल्यात. चारही टायर बसलेत. एअर क्लीनर उघडला तर आत उंदरांचा संसार होता: सीटचा कापूस, शेंगांची टरफलं आणि वायरच्या आवरणाचे लाल तुकडे. म्हणजे वायरिंगही कुठेतरी कुरतडलेलं असणार. टाकीत थोडं पेट्रोल शिल्लक आहे, त्याला वॉर्निशचा वास येतो. डिपस्टिकवर ऑइल काळं आहे, पण त्यात पाणी मिसळल्याचं दिसत नाही. रेडिएटर कोरडा. ब्रेक पेडल दाबलं की थेट खाली जातं. क्लचचं काही कळत नाही.

आता मुद्द्याचं. एका गॅरेजवाल्यांना घरी आणलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, मान हलवली आणि "इंजिन फुल ओव्हरहॉल, साठ हजार, बाकीचं वेगळं" असं सांगून चहा पिऊन गेले. प्लगसुद्धा काढून बघितला नाही. माझं बजेट सगळं मिळून चाळीस हजार आहे. रंग, क्रोम, सीट कव्हर काही नको. गाडी स्वतःच्या ताकदीवर चालावी, वेळेवर थांबावी आणि कायदेशीरपणे रस्त्यावर यावी, एवढंच.

१. इंजिन जाम आहे की नाही, हे काही न मोडता कसं बघायचं?
२. चाळीस हजारांत आधी कशावर खर्च करू?
३. कागदपत्रांचं काय? व्हिंटेज गाड्यांना सूट असते असं ऐकलंय.

पाना-पकड हातात धरता येते. दीर मदतीला आहेत, पण त्यांचा भर "बॅटरी लाव आणि सेल्फ मारून बघ" यावरच आहे.

---

जुनापाना

दिरांना आधी बॅटरीपासून लांब ठेवा. सेल्फ मारायचा नाही. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. सेल्फने एकदम जोर दिला तर रिंग तुटते, आणि मग ते साठ हजार खरोखरच लागतात.

चारही प्लग काढा. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यातली माती हवेने उडवा, नाहीतर ती आत पडेल. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून दोन-तीन चमचे सोडा आणि दोन दिवस गाडी विसरून जा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि हाताने, हळू, थोडं पुढे थोडं मागे असं फिरवा. पान्याला पाइप लावून ताकद वाढवू नका. हललं नाही तर पुन्हा तेच मिश्रण घाला आणि थांबा.

एकदा पूर्ण फेरा झाला की जुनं ऑइल काढून नवं भरा. मग बॅटरी. प्लग बाहेरच ठेवून सेल्फने इंजिन फिरवा, डॅशवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा. गेज नसेल तर मागून आणा, पण डिझेल पंपाच्या कामवाल्याकडचं चालत नाही, पेट्रोलचं वेगळं असतं. चार आकडे इथे टाका. ते बघितल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका, कोणी कितीही मान हलवली तरी.

---

कुर्ला_लोकल

आमच्या भागातच या गाड्या बनायच्या, म्हणून राहवलं नाही. पार्टची काळजी करू नका. मुंबईत काळीपिवळी म्हणून ही गाडी इतकी वर्षं धावली की स्पेअरचा बाजार अजून पूर्ण आटलेला नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याला सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाऊसच्या बाजूला विचारा. पुणं सोयीचं असेल तर नाना पेठ.

एक सांगतो. टॅक्सीतून निघालेलं हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. बऱ्याच टॅक्स्या सीएनजीवर पळालेल्या, कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात. डेल्कोची (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर हे सरळ नवीन घ्या, फार पैसे लागत नाहीत. जुन्या पॉइंटवर पांढरट थर बसलेला असतो, त्यामुळे करंट येत नाही आणि लोक उगाच कॉइल बदलत बसतात.

---

उतारावरचा

सगळे इंजिनवर तुटून पडलेत. ताई, चाळीसपैकी निम्मे ब्रेक आणि टायरसाठी बाजूला काढून ठेवा आणि त्याला हात लावू नका.

पेडल खाली जातंय म्हणजे पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचे किंवा चाकांमधल्या व्हील सिलिंडरचे रबर गेलेत, बहुधा दोन्ही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पाडतं. चारही चाकांना ड्रम आहेत, चारही उघडा. ड्रम निघत नसेल तर घण मारू नका, बीड (ओतीव लोखंड) आहे, तडकेल. आधी ब्रेक शू सैल करा, कडेने गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा. मेकॅनिक म्हणेल "नुसतं रबरांचं किट टाकतो". सिलिंडर बोटाने आतून चाचपून बघा. खरखरीत लागलं तर किट टाकून उपयोग नाही, महिन्याभरात गळणार. चाकाजवळचे तीनही रबरी होज बदला, ते बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात.

टायरची नक्षी शिल्लक असली तरी ते टायर गोठ्यातून बाहेर ढकलण्यापुरतेच.

---

मधलीसुट्टी

वाचतोय. आमच्याकडच्या पद्मिनीत पुढे चार, मागे पाच बसून आम्ही जोतिबाला जायचो. फोटो टाका हो.

---

कार्यालयीन_वेळेत

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. व्हिंटेजची सूट विसरा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी. तुमची १९८४ ची आहे, २०३४ पर्यंत थांबावं लागेल. आणि ती सूट वाटते तशी नाहीच: वीस हजार फी, 'व्हीए' मालिकेचा नंबर, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढंच.

तुम्हाला साधं नूतनीकरण करायचंय. आधी वारसाच्या नावावर गाडी करा, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीची नूतनीकरण फी दहा हजार झाली आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. हे तुमच्या चाळीसमध्ये धरलंय का?

सर्वांत आधी मात्र आरटीओत जाऊन बघा की तुमचा नंबर 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत दिसतो का. १९८९ च्या आधीचे तीन अक्षरी नंबर पुष्कळदा ऑनलाइन चढलेलेच नसतात, त्यासाठी बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची ऑनलाइन भर) करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय ना विमा निघतो सहज, ना उच्च सुरक्षा नंबरपाटी (एचएसआरपी) बुक होते. आरसीचं जुनं पुस्तक जपून ठेवा, त्यावरच सगळं आहे. तपासणीला गाडी टोचन करून न्या, विम्याशिवाय चालवत नेऊ नका.

---

जुनापाना

पेट्रोलचं राहिलं होतं. आता पंपावर बहुतेक ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च मिळतं, आणि या गाडीचे रबर इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. एसी पंपाचा (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा) डायफ्रॅम आणि सगळे पेट्रोल पाइप बदला, पाइप इंजेक्शन गाड्यांचा घ्या. टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्या, तो उकळून साफ करून देतो. नुसतं नवं पेट्रोल ओतलं तर इथेनॉल जुना चिकटा सुटा करतं आणि तो थेट कारबोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. टाकीला वेल्डिंग कुणाला करू देऊ नका.

पहिल्यांदा स्टार्ट करताना टाकी जोडूच नका. छोट्या कॅनमधून पंपाला पेट्रोल द्या आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. गोठ्यात कडबा असेल तर गाडी आधी बाहेर ढकला.

---

हिरण्यकेशी

सगळ्यांचे आभार. दहा हजारांची फी धरली नव्हती, त्यामुळे बजेट पन्नासवर नेलंय. सासूबाईंनी स्वतःहून भर घातली.

इंजिन फिरलं! आधी दगड होतं, मग पाना इंचभर सरकला आणि चौथ्या सिलिंडरच्या भोकातून तांबूस पाणी-तेल उडून दिरांच्या शर्टावर. कॉम्प्रेशन: ११०, १०५, ११०, ४५. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तरी ४५ च. गॅरेजवाले म्हणतात, "बघा, सांगितलं होतं, हेड उतरवा." क्लचही चिकटलेला आहे, पेडल दाबून गिअर टाकला तरी सुटत नाही.

---

जुनापाना

तीन सिलिंडर शंभरावर, तेही थंड इंजिनात? ओव्हरहॉलचा विषय संपला.

ऑइल टाकल्यावर आकडा वर आला असता तर रिंग. आला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बसत नाही. टॅपेट कव्हर काढा, पुली फिरवत चौथ्याचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बघा. एखादा व्हॉल्व्ह खाली जाऊन वर यायला वेळ लावत असेल. उभ्या गाडीत एक ना एक व्हॉल्व्ह उघडा राहतोच, त्याची दांडी गंजते. तिथे गंजाचं तेल मारून, लाकडी मुठीने स्प्रिंगवर हलकेच ठोका, पुन्हा फिरवा.

क्लचसाठी पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांत फळी अडकवा, रात्रभर ठेवा. सकाळी टॉप गिअर टाकून दोघांनी गाडी पुढे-मागे झटके देऊन हलवा. प्लेट बहुतेक सुटते.

---

हिरण्यकेशी

एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह होता. सुटला. आता ९५ दाखवतंय. टॅपेट लावून घेतले. क्लच दुसऱ्या रात्रीनंतर कट्ट आवाज करून मोकळा झाला.

कॅनवर स्टार्ट झाली. सायलेन्सरमधून आधी टरफलं उडाली, मग निळा धूर, मग बरी चालली. आरटीओत नंबर ऑनलाइन नाहीच, बॅकलॉगचा अर्ज दिलाय.

अडलंय ते ब्रेकवर. चारही चाकांच्या सिलिंडरना आत खड्डे आहेत. मुंबईहून जे नवे म्हणून आले त्यातले दोन आतून असेच खरखरीत आहेत, जुना साठा असावा. परत पाठवू की काही करता येईल?

---

उतारावरचा

ते दोन परत पाठवा. तुमचे जुने घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा. लेथवाल्याला सांगा, आत पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह ठोकून मूळ मापाला होन (आतून घासून गुळगुळीत) करून दे. मापासाठी नवा रबर कप सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. आणि गाडी तोपर्यंत गोठ्यासमोरच्या सपाटीवरच, दिरांना किल्ली देऊ नका.