विषय: पूकीप्सीच्या लग्नात कागदावर सही कोण करणार?

प्रेषक: माई, एडिसन

सर्वांस सप्रेम नमस्कार.

पुतणीचे लग्न बारा दिवसांवर आले आहे. केळवणे झाली, आचारी ठरला, मुंडावळ्या आल्या. अडले आहे ते एका सहीवर. लग्न आप्पाच लावणार, हे साखरपुड्यातच ठरले होते आणि त्याबद्दल कोणाचाही आक्षेप नाही. मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पूकीप्सीच्या सभागृहाच्या व्यवस्थापकबाईंनी काल सहज विचारले की, तुमच्या पुरोहितांचा अधिकार न्यूयॉर्कमध्ये चालतो ना? आप्पांनी आजवर लावलेली अकराही लग्ने जर्सीतली आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे कधी निघालाच नव्हता. आप्पांनी ऑनलाइन घेतलेले प्रमाणपत्र नदीपलीकडे चालते का, आणि मुलीने परवाना तिच्या गावच्या रजिस्ट्रारकडून घ्यावा की पूकीप्सीहून, हे ज्यांना नक्की ठाऊक असेल त्यांनीच कृपया लिहावे. मुलगा डॅलसहून गुरुवारी रात्री पोचत आहे. शनिवारचा मुहूर्त सकाळी दहा बेचाळीसचा आहे.

माई

प्रेषक: सचिव

माननीय माई,

पुरोहितांसंबंधीचे प्रश्न धार्मिक कार्य समितीकडे पाठवावेत, मंडळाच्या सर्वसाधारण ईमेल-यादीवर नव्हे, असे गेल्या गणपतीनंतरच्या सभेत ठरले होते, याची नम्र आठवण करून देतो. समितीने पडताळलेल्या पुरोहितांची यादी मंडळाकडे आहे आणि त्यात देवळाचे अधिकृत पुजारीही आहेत. त्यांच्या सहीवर कोणीही शंका घेणार नाही.

परवान्याबाबत एवढेच सांगतो की, न्यू जर्सीचा परवाना न्यू जर्सीच्या हद्दीतच चालतो. लग्न जिथे लागणार त्या राज्याचाच परवाना लागतो. न्यूयॉर्कमध्ये तो कोणत्याही टाउन किंवा सिटी क्लार्ककडून मिळतो आणि राज्यात कुठेही चालतो. न्यूयॉर्क शहराबाहेर त्याचे शुल्क 40 डॉलर आहे आणि वधूवर दोघांनाही क्लार्कसमोर हजर राहावे लागते.

सचिव

प्रेषक: आप्पा

सचिवमहोदयांनी 'पडताळलेल्या पुरोहितांची यादी' असा उल्लेख केला आहे. त्या यादीत माझे नाव नाही, कारण मी दक्षिणा घेत नाही आणि यादीच्या अर्जात दक्षिणेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. हा विषय येथेच संपवतो.

माझे प्रमाणपत्र युनिव्हर्सल लाइफ चर्चचे आहे. ही संस्था कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी कर्बी हेन्सली नावाच्या गृहस्थांनी स्थापन केली आणि 1962 साली तिची रीतसर नोंदणी झाली. जो मागेल त्याला विनाशुल्क दीक्षा, हा तिचा मूळ नियम आहे. ऋग्वेदी ब्राह्मणाने चर्चची दीक्षा घ्यावी हे विचित्र वाटते, हे मला मान्य आहे. परंतु जर्सीच्या रजिस्ट्रारने अकरा वेळा माझी सही विनातक्रार स्वीकारली. देवळाच्या पुजाऱ्यांविषयी मला आदरच आहे. तरी ते तमिळ आहेत, आणि मुलीला मंगलाष्टके मराठीत हवी आहेत. शाळेतल्या ज्या मुलीला मी 'ज्ञ' काढायला शिकवले, तिने मला बोलावले आहे. एवढे कारण मला पुरेसे वाटते.

आप्पा

प्रेषक: वकीलीणबाई, व्हाइट प्लेन्स

आप्पांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते. माझे काम घरांच्या खरेदीविक्रीच्या कागदांचे आहे, तरी हा विषय भावाच्या लग्नात मी स्वतः धुंडाळला होता.

न्यूयॉर्कच्या कौटुंबिक संबंधविषयक कायद्याच्या 11 व्या कलमात लग्न कोणी लावावे हे सांगितले आहे. ऑनलाइन दीक्षा या कलमात बसते का, हा प्रश्न तेथील अपिलीय न्यायालयाच्या दुसऱ्या विभागापुढे आला होता. याच चर्चची दीक्षा घेतलेली व्यक्ती कलमाच्या अर्थाने धर्मगुरू ठरत नाही, असा निर्णय त्या विभागाने 1989 साली दिला. डचेस काउंटी, म्हणजे पूकीप्सी, त्याच दुसऱ्या विभागात येते. प्रत्यक्षात अशी असंख्य लग्ने लागतात आणि क्लार्क काही विचारत नाही, हे खरे आहे. मात्र प्रश्न लग्नाच्या दिवशी निघत नाही. तो दहा वर्षांनी वाटण्या होताना किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी निघतो. मुलगा एच-वन-बी व्हिसावर आहे ना? लग्न जिथे लागले तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे इमिग्रेशनवाले प्रथम पाहतात.

उपाय सोपा आहे. मार्च 2023 पासून न्यूयॉर्कमध्ये अठरा वर्षांवरील कोणालाही एका दिवसाचा विवाह-अधिकारी होता येते. क्लार्ककडे अर्ज करायचा, 25 डॉलर भरायचे आणि त्या एकाच लग्नापुरता परवाना घ्यायचा. धर्म, दीक्षा, चर्च यांचा संबंधच येत नाही. आप्पांनी हा परवाना घ्यावा आणि जुने प्रमाणपत्र घरी ठेवावे.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे. लग्नाचा परवाना दिल्यापासून पूर्ण चोवीस तास लग्न लावता येत नाही, आणि दिल्याची वेळ त्यावर लिहिलेली असते. दुसरे म्हणजे कायद्याला विधीचा विशिष्ट प्रकार नको आहे, परंतु वधूवरांनी अधिकारी आणि किमान एक साक्षीदार यांच्यासमक्ष, आम्ही एकमेकांना पतिपत्नी म्हणून स्वीकारतो, असे गांभीर्याने सांगितले पाहिजे.

प्रेषक: नाना, बॉस्टन

मी बॉस्टनचा, तरी राहवले नाही. आमच्याकडे हा एका दिवसाचा अधिकार थेट राज्यपालांकडून मिळतो. शुल्क तेवढेच, 25 डॉलर. भाच्याच्या लग्नासाठी मी अर्ज केला आणि राज्यपालांच्या नावाचे असे देखणे प्रमाणपत्र आले की, सौभाग्यवतींनी ते चौकट करून देवघराशेजारी लावले. आमच्याकडे साक्षीदारही लागत नाहीत. कॅलिफोर्नियात काही काउंट्या एका दिवसाचे उपविवाह-आयुक्त नेमतात, असे धाकट्या मेव्हण्याकडून ऐकले आहे. एकूण या देशात राज्य बदलले की भटजी बदलतो.

आता चोवीस तासांविषयी. मुलगा गुरुवारी रात्री येणार, म्हणजे परवाना शुक्रवारीच. कार्यालय नऊला उघडले आणि फॉर्म भरताभरता अकरा वाजले, तर शनिवारी दहा बेचाळीसला चोवीस तास भरत नाहीत. त्यातही मार्ग आहे. हिंदू विवाह कायदा, 1955, याच्या 7 व्या कलमानुसार सप्तपदीचे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. मुहूर्त मंगलाष्टकांचा, सप्तपदी बाराच्या पुढेच होणार. मंगलाष्टके मुहूर्तावर म्हणावीत, कायदेशीर लग्न सप्तपदीला लागले असे धरावे. परवाना अकराला मिळाला तरी बाराला चोवीस तास होऊन जातात.

प्रेषक: वकीलीणबाई, व्हाइट प्लेन्स

नाना, युक्तिवाद सुंदर आहे, पण भारताचा 1955 चा कायदा डचेस काउंटीच्या क्लार्कला लागू नाही. इथे सातवे पाऊल महत्त्वाचे नाही, वधूवरांचे बोलणे महत्त्वाचे आहे. चोवीस तास न्यायाधीशांच्या आदेशाने माफ होऊ शकतात, पण त्यासाठी शुक्रवारी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. मुलाने विमान एक दिवस आधीचे घ्यावे, हे सर्वांत स्वस्त पडेल.

प्रेषक: आबा, पार्सिपनी

एवढी यातायात कशाला? आमच्या मुलाचे आम्ही सरळ केले होते. न्यू जर्सीचा परवाना घेतला, बहात्तर तास थांबलो, दोन साक्षीदार नेले, दहा मिनिटांत कायद्याचे लग्न उरकले आणि दोन आठवड्यांनी हव्या त्या राज्यात हवा तो सोहळा केला. न्यूयॉर्कचा प्रश्नच उरत नाही.

तोटा एकच. आता सून लग्नाचा वाढदिवस एका तारखेला धरते आणि विहीणबाई दुसऱ्या. दोन्ही दिवशी जेवायला बाहेर जावे लागते.

प्रेषक: माई, एडिसन

आबा, हा पर्याय आधीच सुचवून पाहिला. मुलाच्या आई म्हणतात की, सही आधी आणि सप्तपदी नंतर म्हणजे मंडपात नुसते नाटक. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, पण त्यांच्याशी आयुष्यभर संबंध ठेवायचे आहेत. कृपया आप्पांनी सही करण्याचा मार्गच पुढे न्यावा.

प्रेषक: सचिव

एका दिवसाचा परवाना काढणाऱ्या व्यक्तीस मंडळ 'पुरोहित' म्हणून मान्यता देत नाही, हे स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. तसेच चातुर्मासात हा मुहूर्त कोणी काढला, हेही समजले तर बरे.

प्रेषक: आप्पा

मी काढला. पंचांगात चातुर्मासासाठी गौण काळातले मुहूर्त वेगळे छापलेले असतात. ते पान सचिवांनी एकदा उघडून पाहावे.

प्रेषक: सुमाताई, प्रिन्सटन

मान्यता कोणी द्यायची, या वादात मला पडायचे नाही. पुण्याला ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकून येऊनही मंडळाच्या यादीत माझे नाव यायला चार वर्षे लागली, तेव्हा यादीविषयी मी बोलले तर लोक हेतूच पाहतील. मला वकीलीणबाईंच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहायचे आहे, कारण खरी अडचण तिथे आहे आणि त्याकडे कोणीच पाहिलेले नाही.

आपल्या लग्नात वधूवर बोलतात कधी? अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना ते गप्प उभे असतात. मंगलाष्टके मामा, मावश्या आणि हौशी गायक म्हणतात. 'शुभमंगल सावधान' पुरोहित म्हणतो, अक्षता बाकीचे टाकतात. पाणिग्रहणात वर 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्' म्हणतो, म्हणजे सौभाग्यासाठी तुझा हात धरतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला हा मंत्र कायद्याला हवी असलेली घोषणाच आहे, परंतु ती एकट्या वराची, आणि तीही बहुधा पुरोहितामागून अर्धवट पुटपुटलेली. 'सखा सप्तपदी भव' हेही वरच म्हणतो. प्रचलित विधीत वधूच्या तोंडून स्वीकाराचे एक स्पष्ट वाक्य निघेलच असे नाही. न्यूयॉर्कला तर दोघांचे वाक्य हवे आहे.

माझी सूचना अशी की, सप्तपदी झाल्यावर आप्पांनी दोघांना समोरासमोर उभे करावे आणि दोघांनी मराठीत व इंग्रजीत प्रत्येकी एक वाक्य मोठ्याने म्हणावे: 'मी तुला पती म्हणून स्वीकारते', 'मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो'. मी लावलेल्या प्रत्येक लग्नात हे करते. अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यापुरता मांडव खरोखर शांत होतो. साक्षीदाराला इंग्रजी वाक्य कळले पाहिजे, म्हणून ते वगळू नये.

प्रेषक: आप्पा

सुमाताई,

प्रथम मला राग आला, हे कबूल करतो. पन्नास वर्षे ऐकत आलेल्या विधीत काही कमी आहे, हे ऐकणे सोपे नसते. काल रात्री पोथी काढून बसलो आणि वधूचे वाक्य शोधले. लाजाहोमात ती लाह्या देते, पण मंत्र इतर म्हणतात. तुमचे म्हणणे बरोबर आहे. वाक्य घेतो. मात्र ते सप्तपदीच्या नंतर नको. कन्यादान आटोपल्यावर, पाणिग्रहणाच्या मंत्राला जोडून घेतो. वराने मंत्र म्हणावा, अर्थ मराठीत सांगावा आणि वधूने त्याला उत्तर द्यावे. ती जागा त्या वाक्याची आहे.

प्रेषक: आबा, पार्सिपनी

जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक पद्धतीत वधूवर मंगलाष्टकांतून एकमेकांशी बोलतच असत. पहिले लग्न 25 डिसेंबर 1873 रोजी झाले, आणि तेही भटजीवाचून. आप्पा दीडशे वर्षांनी तिथे पोचले.

प्रेषक: आप्पा

आबा, पोचलो एवढे पुरे. माझ्या जानव्याची काळजी करू नये.

प्रेषक: माई, एडिसन

सर्वांचे मनापासून आभार. मुलाने विमान बदलून बुधवारचे घेतले आहे. गुरुवारी सकाळी साडेनऊला आप्पा, मुलगा आणि मुलगी पूकीप्सीच्या सिटी क्लार्ककडे एकत्र जातील आणि दोन्ही परवाने एकाच खिडकीवर घेतील. मुलामुलीने पासपोर्ट आणि जन्मदाखल्याची मूळ प्रत बरोबर ठेवावी. आप्पांनी ओळखपत्र आणि चष्मा. परवाना साठ दिवस चालतो, त्यामुळे दोन दिवस आधी घेण्यात काही बिघडत नाही.

सह्या मंडपात होमाजवळ करू नयेत, असे आप्पांचेच म्हणणे आहे, कारण गेल्या खेपेस तुपाचा हात कागदाला लागला होता. जेवणाआधी मागच्या खोलीत टेबल मांडून ठेवत आहोत. सही केलेला परवाना पाच दिवसांत क्लार्ककडे परत पोचवण्याची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची असते, आणि आप्पा सोमवारी पहाटे नातवाकडे सिएटलला निघत आहेत. तेव्हा रविवारी कोणी पूकीप्सीच्या बाजूने परत येत असेल आणि सोमवारी सकाळी तो लिफाफा क्लार्ककडे नेऊन देऊ शकत असेल, तर कृपया मला फोन करावा. यादीवर उत्तर लिहू नये.

माई

प्रेषक: सचिव

सोमवारी मला त्याच रस्त्याने ऑल्बनीला जायचे आहे. लिफाफा माझ्याकडे द्यावा. हे मंडळाच्या वतीने नसून वैयक्तिक आहे, याची नोंद घ्यावी.