दांडे भरलेले दिसले म्हणून भुलू नका

दादा, २०१५ची कॅमरी हायब्रिड घेताय, आणि तुम्हाला कुणीतरी म्हटलंय की स्क्रीनवर बॅटरीचे दांडे भरलेले दिसले की झालं. तसं नसतं हो. ते दांडे आत्ताचं चार्जिंग दाखवतात, बॅटरीत दम किती उरलाय ते नाही. दांडे भराभर खाली येऊन तितक्याच भराभर भरत असतील, तर उलट शंका घ्या.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतली माहिती वाचणारं यंत्र, लावून ब्लॉकनिहाय व्होल्टेज बघा. या गाडीच्या हायब्रिड बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे ३४ मॉड्यूल, म्हणजे छोटे सुटे भाग, आणि दोन-दोनचा एक गट असे १७ ब्लॉक. उभ्या गाडीत सगळे सारखेच दिसतात, खरी गंमत जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर. एखादाच ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली गेला तर हात जोडून परत या. पी०ए८० कोड, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला सांगणारी नोंद, नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, विकणारा आदल्या दिवशी पुसून ठेवतो. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही स्कॅनरवर दिसतं.

आणि गाडी सकाळी गारव्यात बघू नका! आपल्या सोलापुरी उन्हात, दुपारी, एसी लावून हैदराबाद रोडला तासभर पळवा. मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवायला हवा ओढणारी जाळी असते, तिथं हात फिरवा. माझ्या एका पाहुण्यांच्या गाडीत तिथून मूठभर धूळ निघाली होती, पंखा नुसता घुंई घुंई करायचा.

१२ व्होल्टची साधी बॅटरी या हायब्रिड बॅटरीहून वेगळी, तिच्यावरून घासाघीस करत बसू नका.