हालअपेष्टांशिवाय मोठा संगीतकार घडतो का?

षड्ज: माझं मत ठाम आहे. ज्यानं सोसलं नाही, त्याच्या सुरात खोली येत नाही. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचंच पाहा. १९२८ साली आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं गिटार वाजवायची नवी रीत उभी केली. रेगे गायक बॉब मार्ली जमैकात, किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत वाढला नसता तर ती गाणी सुचली असती?

मंद्र: अजिबात पटलं नाही. जर्मन संगीतकार मेंडेलसोन बँकरचा मुलगा. घरीच मैफली व्हायच्या, वादक हाताशी. सोळाव्या वर्षी लिहिलेली त्याची अष्टक रचना, म्हणजे आठ वादकांसाठीची, आजही वाजवतात. उलट ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्ट आजारपणानं एकतिसाव्या वर्षी गेला. त्या हालांनी आपल्याकडून किती संगीत हिरावलं, ते कोण मोजणार? आणि ट्रेंचटाउनमधली बाकीची पोरंही गरीबच होती.

षड्ज: मग लेनिनग्राड? ९ ऑगस्ट १९४२, रशियातल्या या शहराला जर्मन सैन्याचा वेढा, आणि उपाशी वादकांनी रशियन संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली. वादक पुरेनात म्हणून सैन्यातून आणले. पोटभर जेवलेल्या वाद्यवृंदाकडून ते वादन झालं असतं असं मला वाटत नाही.

मंद्र: काही वादक तालमींच्या काळातच दगावले हो! उरलेले वाजवू शकले ते आधीच्या कित्येक वर्षांच्या तालमीवर. भुकेला श्रेय देऊ नका.

पैलतीर: तुम्ही दोघं देश विसरताय. गायिका सेझारिया इव्होरा आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरच्या बारमध्ये वर्षानुवर्षं गायली. जगानं ऐकली ती पॅरिसमध्ये रेकॉर्ड निघाल्यावर, पंचेचाळिशी उलटून गेल्यावर. गळा तोच होता. दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा, तिचा पासपोर्ट १९६० मध्ये तिच्याच सरकारनं रद्द केला. आईच्या अंत्यविधीलाही तिला जाता आलं नाही. दुसरीकडे स्वीडन बघा. लहानसा देश, पण मुलांना संगीत शिकवायला सरकारी पैसा. तिथल्या मॅक्स मार्टिन या पॉप गीतकार-निर्मात्यानं आपल्या यशाचं श्रेय त्याच शिक्षणाला दिलंय.

षड्ज: दारं देश आणि पैसा उघडतो, हे मान्य. पण इव्होराच्या मोर्नातला, म्हणजे केप व्हर्देच्या त्या संथ गाण्यांतला विरह कुठून आला? पोटासाठी बेटं सोडून गेलेल्या माणसांतूनच ना?

मंद्र: तो विरह अख्ख्या बेटांचा होता. म्हणजे असे गळे आणखीही असणार. त्यांच्यापर्यंत पॅरिसहून कुणी पोचलं नाही, मला राग त्याचा येतो.